हिरव्या चिठ्ठीवरची किंमत

निवृत्तीनंतरच्या छंदांविषयी मागे लिहिलेल्या लेखावर इचलकरंजीच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या क्रोशाची तोरणे आणि रुमाल विणतात. मुलीच्या ओळखीतून लंडनच्या एका कुटुंबाने दोन तोरणे मागितली. पैसे देण्याचीही त्यांची तयारी आहे. ‘‘वस्तू पाव किलोचीसुद्धा नाही, पण पाठवायची कशी, काय लिहायचे, कोणाला विचारायचे, या विचारात चार महिने ती कपाटात पडून आहे. आपण टपाल तिकिटे परदेशी पाठविता, तरी थोडे मार्गदर्शन करावे,’’ असे त्या लिहितात.

मार्गदर्शन करावे असा माझा अधिकार नाही. परंतु गेल्या पाच वर्षांत साठ-पासष्ट पाकिटे मी देशाबाहेर पाठविली आहेत, आणि प्रत्येक पाकिटाने मला काही ना काही शिकविले आहे. त्यांतील एका पाकिटाची हकीकत सौभाग्यवतींखेरीज कोणाला सांगितलेली नाही. ती आज सांगणार आहे. कारण या भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच पाकिटात आहे.

तिकिटांचा नाद वडिलांपासून आला. ते सांगलीतील एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढीवर येणाऱ्या पाकिटांची, पार्सलांची वेष्टणे ते घरी आणीत. पाण्यात भिजवून तिकिटे सोडवीत आणि जुन्या वर्तमानपत्रावर उपडी वाळत घालीत. त्यांचा विशेष ओढा मंदिरांच्या चित्रांकडे होता. १९३५ साली पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त जी तिकिटे निघाली, त्यांतील सव्वा आण्याच्या तिकिटावर कलकत्त्याचे जैन मंदिर आहे. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताची पुरातत्त्व मालिका निघाली. तिच्यातील सर्वांत मोठ्या किमतीच्या, म्हणजे १५ रुपयांच्या तिकिटावर पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर आहे. पुढे १९७४ साली भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाचे आणि १९८१ साली गोमटेश्वराच्या सहस्राब्दीचे तिकीट निघाले. ही सारी तिकिटे वडिलांच्या वहीत आहेत, आणि काहींच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती आहेत. या जादा प्रतींचे काय करावे, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला. जगात मंदिरांची तिकिटे जमविणारे पुष्कळ लोक आहेत असे नातवाने संगणकावर दाखविले, आणि मी विक्रेता झालो.

तिकीट ही मुळात सीमा ओलांडण्यासाठीच जन्मलेली वस्तू. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे करार होऊन जागतिक टपाल संघाची पायाभरणी झाली, आणि १८७६ साली भारत त्यात सामील झाला. टपालाच्या दृष्टीने सर्व सदस्य देश मिळून एकच प्रदेश समजावा, ही त्या करारामागची कल्पना. दीडशे वर्षांनंतरही पत्राच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. मात्र पत्राच्या जागी वस्तू ठेवली आणि वस्तूच्या बदल्यात पैसे घेतले की तो एकच प्रदेश तत्क्षणी अनेक देशांत विभागला जातो.

पहिला धडा हाच. आपण ज्याला छंद म्हणतो, त्याला पैसे घेताच कायदा निर्यात म्हणतो. रक्कम पाचशे रुपये आहे की पाच लाख, याने नाव बदलत नाही. स्वतःच्या उपयोगासाठी, व्यापाराशी संबंध नसलेली वस्तू पाठविली तर सूट आहे. विकली तर आयात-निर्यात संकेतांक हवा. तो विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो आणि अर्जाचे शुल्क ५०० रुपये आहे. संकेतांक एकदा मिळाला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती बरोबर असल्याची नोंद करावी लागते. ती विसरली तर संकेतांक निष्क्रिय होतो. मी एका वर्षी विसरलो होतो. मुदतीच्या तारखा पाळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने हे कबूल करताना मान खाली घालावी हेच योग्य.

दुसरे दार टपालाचे. यातली एक गोष्ट पूर्वीपेक्षा निश्चित सोपी झाली आहे. २०२२ साली टपालाद्वारे होणाऱ्या निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक घोषणेचे नवे नियम आले आणि देशभरात हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रे उघडली. घोषणापत्र घरी बसून भरता येते. माझ्या नोकरीच्या उमेदीच्या काळात टपालाने माल पाठविणाऱ्यास ‘पी. पी. फॉर्म’ भरून त्यावर बँकेची सही घ्यावी लागे. परकीय चलनाच्या टेबलावर असताना अशा कितीतरी फॉर्मांवर मी सह्या केल्या आहेत. एकदा कोल्हापुरी चपला पाठविणाऱ्या एका व्यापाऱ्याचा फॉर्म मी परत केला. तिकडच्या गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी त्याने किंमत निम्मी लिहिली होती. बीजकात एक आकडा, फॉर्मवर दुसरा. ‘‘साहेब, यात कोणाचे नुकसान आहे?’’ असे त्याने विचारले होते. मी त्याला तरुण अधिकाऱ्याच्या तोऱ्यात एक लहानसे व्याख्यान दिले. ते व्याख्यान पुढे माझ्याच कामी यायचे होते.

तिसरे दार पैशाचे. परदेशातून आलेल्या रकमेला उद्देश-संकेतांक द्यावा लागतो. ती मालाची किंमत आहे, भेट आहे की कुटुंबाच्या निर्वाहाचा खर्च आहे, हे बँकेला सांगावे लागते. पाठविलेल्या मालाची रक्कम ठरावीक मुदतीत आली याचा मेळ बसावा लागतो. चाळीस डॉलरांच्या व्यवहारातून मध्यस्थाचे शुल्क, चलनबदलातील फरक आणि त्यावरील कर वजा जाता हाती किती उरते, हा हिशेब मी पहिल्या वर्षी केला. नंतर केला नाही. छंदाचा ताळेबंद मांडू नये, असे सौभाग्यवतींचे मत आहे, आणि या बाबतीत एम.कॉम.चा उपयोग नाही हे मला पटले आहे.

आता हिरव्या चिठ्ठीकडे येऊ. परदेशी जाणाऱ्या लहान पाकिटावर एक घोषणा लावावी लागते. टपालाच्या भाषेत तिचे नाव ‘सीएन २२’. परंपरेने ती हिरवी असते. वस्तू कोणती, वजन किती, किंमत किती, आणि ती भेट आहे, नमुना आहे की विक्रीचा माल आहे, एवढेच तिच्यावर लिहायचे. खाली सही. ३०० एसडीआरपर्यंतच्या वस्तूंना ही चिठ्ठी पुरते, त्यापुढे ‘सीएन २३’ हा मोठा नमुना. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. ३०० एसडीआर म्हणजे साधारण चारशे डॉलर. वस्तूचा वर्गीकरण क्रमांकही द्यावा. टपाल तिकिटांचा शीर्षक क्रमांक ९७०४, आणि तो कलाकृती, संग्राह्य वस्तू व पुराणवस्तू यांच्या ९७व्या प्रकरणात येतो. सुरुवातीला मी वर्णनात केवळ ‘कागद’ असे लिहीत असे. ते खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. अर्धवट वर्णनाचे पाकीट सीमाशुल्क अधिकारी उघडतात, आणि उघडलेले पाकीट पुन्हा आपल्याइतक्या मायेने कोणी बंद करीत नाही. ‘संग्रहासाठी वापरलेली टपाल तिकिटे, १२ नग’ असे लिहू लागल्यापासून ती तक्रार जवळजवळ मिटली.

खरी अडचण त्या चिठ्ठीतील किमतीच्या रकान्यात आहे. कारण पलीकडच्या देशाचा कर तिच्यावर ठरतो. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतच्या आयातीवर पूर्वी मूल्यवर्धित कर नसे. १ जुलै २०२१ पासून ती सवलत संपली. ब्रिटनने त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून आपली तशीच सवलत काढून घेतली होती. कॅनडात टपालाने आलेल्या मालाला वीस कॅनेडियन डॉलरपर्यंतच सूट आहे. मात्र एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठविलेल्या खऱ्याखुऱ्या भेटवस्तूला बहुतेक देश अधिक सवलत देतात. युरोपीय संघात ती ४५ युरोपर्यंत आहे, ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत, कॅनडात ६० डॉलरपर्यंत. मोहाचे मूळ या फरकात आहे.

माझे एक गिऱ्हाईक जर्मनीतील निवृत्त ग्रंथपाल होते. अत्यंत सज्जन आणि नेटके गृहस्थ. भारतीय मंदिरांच्या तिकिटांवर त्यांनी टिपणांसह संग्रह मांडला होता, आणि पाकीट मिळाले की पोच म्हणून ते मला हस्ताक्षरातील पत्र पाठवीत. पहिले पाकीट त्यांना मिळाले. पण त्यासाठी त्यांना बीजकाची प्रत घेऊन दूरच्या सीमाशुल्क कार्यालयात जावे लागले. कर किरकोळ होता. जाण्यायेण्याचा खर्च कराच्या कितीतरी पट. दुसऱ्या मागणीच्या वेळी त्यांनी संकोचाने लिहिले : ‘भेट’ या चौकटीत खूण करून किंमत दहा युरो लिहिली, तर माझा हेलपाटा वाचेल. माझे गुडघे आता चालत नाहीत.

त्या पाकिटात १९४९चे पालिताण्याचे तिकीट होते. वडिलांच्या दोन प्रतींपैकी दुसरी. इतर तिकिटांसह व्यवहार ५५ युरोंचा ठरला होता आणि रक्कम आधीच माझ्या खात्यात जमा झाली होती. टपाल कार्यालयात खिडकीमागच्या मुलीने विचारले, ‘‘काका, भेट की विक्री?’’ मी म्हणालो, ‘‘भेट.’’ किंमत दहा युरो. खाली माझी सही. तीस-बत्तीस वर्षे ज्या सहीवर लोकांचे पैसे विश्वासाने फिरले, तीच सही.

मनाची समजूत घालायला कारणे पुरेशी होती. गृहस्थ वृद्ध आहेत. कर दोन-चार युरोंचा. त्यांच्या सरकारला याने काय फरक पडणार? आपल्या सरकारचे तर काहीच जात नाही. पुढे केव्हातरी लक्षात आले की हे सर्व त्या चपलांच्या व्यापाऱ्याचेच वाक्य होते, फक्त माझ्या तोंडून निघालेले.

पाकीट मुंबईहून निघाल्याची नोंद झाली, आणि त्यानंतर काहीही नाही. सहा आठवडे मी रोज सकाळी तो क्रमांक तपासला. शेवटी चौकशीचा अर्ज भरायला बसलो. अर्जात विचारले होते : पाकिटात काय होते, किंमत किती, सोबत खरेदी-विक्रीचा पुरावा जोडावा. माझ्यापाशी पुरावा ५५ युरोंचा होता आणि घोषणा दहा युरोंच्या भेटीची. नुकसानभरपाई घोषित किमतीच्या पलीकडे जात नाही, हे तर उघडच होते. पण तेवढीही मागायची तर एका खोट्याखाली दुसऱ्यांदा सही करावी लागणार होती. आणि खरे लिहावे, तर पहिली सही खोटी ठरत होती. अर्ज मी भरला नाही. ५५ युरो त्या गृहस्थांना परत केले. त्यांनी दोनदा क्षमा मागितली, त्याची मला अधिकच लाज वाटली; कारण चिठ्ठीवर लिहिणारा हात त्यांचा नव्हता. त्यांची पत्रे हळूहळू थांबली. तिकीट गेले त्याहून ते मला जास्त लागले.

सौभाग्यवतींना सर्व सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘‘पाकीट पोचले असते, तर हे मला सांगितले असते का?’’ मी उत्तर दिले नाही. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा एक आहे. पाठशाळेत पाठ करताना तो शब्द राजेरजवाड्यांच्या काळातील वाटे : राज्याचे नियम डावलून सीमेपलीकडे व्यापार करणारे कोणी सार्थवाह डोळ्यांसमोर येत. त्याच यादीत खोटी वजने-मापे आणि भेसळ हे अतिचार आहेत. तराजूला आपण जपतो. परदेशी पाठवायच्या चिठ्ठीवरचा आकडा हेही एक मापच आहे, हे मात्र मला साठी उलटल्यावर कळले.

या प्रकरणानंतर मी आणखी एक गोष्ट नीट वाचून काढली, आणि ती जुन्या वस्तूंचा छंद असणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी, शिल्पे, चित्रे, कलाकुसरीच्या वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाहीत. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखिते व कागदपत्रे यांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. उल्लंघनास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. यातील विशेष असा की ही रेषा स्थिर नाही. ती दरवर्षी एक पाऊल पुढे सरकते. काल पाठविता येत होती ती वस्तू आज कपाटात बसल्या बसल्या पलीकडे जाते. आपल्या घरांत आजोबांच्या हातची पोथी, संस्थानी काळातली नाणी, जुनी पत्रव्यवहाराची बाडे असतात; परदेशातील नातेवाइकाला ‘आठवण म्हणून’ पाठविण्यापूर्वी वर्षे मोजावीत. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घेण्याची सोय आहे. सुटे तिकीट ‘कागदपत्र’ ठरते का, यावर वाद घालता येईल. मी वाद घालीत नाही. मजकुरासह असलेली जुनी पाकिटे आणि शंभरी गाठलेली तिकिटे परदेशी विकायची नाहीत, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

२०२५ साली अमेरिकेने नवी परीक्षा पाहिली. तेथे २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल करमुक्त जात असे, त्यामुळे आमच्यासारख्या किरकोळ विक्रेत्यांचा तो मोठा आधार होता. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत रद्द झाली. कर कोणी गोळा करायचा आणि कसा भरायचा, हेच स्पष्ट नसल्याने विमान कंपन्या माल घेईनात, आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचे बहुतेक टपाल थांबविले. ज्यांचे पाकीट अडकले त्यांना टपालखर्च परत मागण्याची मुभा होती. माझे एक पाकीट नेमके त्याच आठवड्यात नोंदविलेले. ते महिन्याभराने घरी परत आले. पावसाळी हवेत हिंडून आल्यामुळे चार कोऱ्या तिकिटांचा डिंक चिकटून ती निकामी झाली होती. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. पण तेव्हा घोषित किमतीच्या ५० टक्के कर पाठविणाऱ्याने नोंदणीच्या वेळीच भरायचा होता. खऱ्या भेटीला मात्र १०० डॉलरपर्यंत सूट कायम आहे.

तेव्हा इचलकरंजीच्या भगिनींना माझे सांगणे असे. तोरणांचे बीजक साध्या कागदावर का होईना, करा. वर्णनात ‘हस्तकला’ असा मोघम शब्द न लिहिता ‘सुती दोऱ्याची हाताने विणलेली तोरणे, २ नग’ असे लिहा. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या विक्रीवरचा मूल्यवर्धित कर विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच वसूल करून तेथे भरावा, अशी व्यवस्था आहे. घरगुती विक्रेत्याला ते अवघड. एखाद्या मोठ्या विक्री-संकेतस्थळामार्फत विकल्यास तो कर ते संकेतस्थळच भरते, म्हणून तो मार्ग बरा. टपालखर्च वस्तूच्या किमतीत न मिसळता वेगळा दाखवा. पलीकडे काय भरावे लागेल याची चौकशी पैसे घेण्याआधी ग्राहकालाच करायला सांगा. नंतरच्या कटुतेपेक्षा आधीचा नकार परवडतो. पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या आत ठेवा. मागोवा घेता येईल अशाच सेवेने पाठवा आणि पावती वर्षभर जपा. आणि तोरणे मुलीच्या मैत्रिणीला खरोखरच भेट द्यायची असतील, तर निःशंक मनाने ‘भेट’ लिहा. मग मात्र पैसे घेऊ नका.

ऑक्टोबरच्या अखेरीस ओहायोतील एका गिऱ्हाइकाचा संदेश आला. त्यांना गोमटेश्वराची आणि महावीर निर्वाणाची मिळून २० तिकिटे हवी आहेत. व्यवहार ६० डॉलरांचा. शेवटी तीच ओळ होती : ‘भेट’ म्हणून पाठविता येईल का? मी उत्तर लिहिले की येणार नाही. ३० डॉलर कर पडेल, त्यातला निम्मा मी सोसेन. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. पाकीट मी तयार करून ठेवले आहे : दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ग्लासिनची पाकिटे, वर हिरवी चिठ्ठी, विक्रीच्या चौकटीत खूण, किंमत ६० डॉलर. सही तेवढी राहिली आहे. त्यांचा होकार आला की टपाल कार्यालयातच करीन.